बिस्किटांच्या डब्यातलं तिसरं मत

रुमैथिया, कुवेत
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

प्रिय रुकय्या,

हे लिहायला बसण्याआधी मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुसत होतो. बाहेरून ओल्या फडक्याने, आतून कोरड्या. झाकणाच्या आतल्या बाजूला फडकं लावायचं नाही अशी मला ताकीद आहे, कारण तिथे शाईने वर्षं आणि आकडे लिहिलेले आहेत. डबा फ्रिजवर त्याच्या जागी ठेवला, हात धुतले आणि बसलो. सुट्टीचा दिवस म्हणून दोन्ही साहेब अजून झोपलेले आहेत. जुम्म्याच्या नमाजला सव्वा तास आहे. तेवढ्यात हे पूर्ण करायचं ठरवलं आहे.

तुझा कागद मला तीन ऑगस्टला मिळाला. गफूरभाई सुट्टीवरून परत आले तेव्हा अम्मीने दिलेल्या सुक्या बोंबलांच्या पिशवीबरोबर त्यांनी तुझं पाकीट दिलं आणि "दापोलीला मुद्दाम उतरलो होतो" एवढंच म्हणाले. त्याला आज सत्तेचाळीस दिवस झाले. पाकीट मी गाडीच्या कप्प्यात, गाडीच्या कागदांखाली ठेवलं आहे. रोज गाडी सुरू करण्याआधी ते तिथे आहे का ते बघतो. का बघतो ते सांगता येणार नाही. मधे आपण फोनवर दोनदा बोललो, पण ते काही उत्तर नव्हतं. तूच एकदा म्हणाली होतीस की तुम्ही बोलण्यापेक्षा लिहिण्यात बरे. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला ते फार मोठं वाटलं होतं. म्हणून आधी कच्चं लिहिलं, ते तपासलं आणि आता हे पक्कं लिहितो आहे.

माझ्या साहेबांबद्दल तू विचारायचीस आणि मी दरवेळी "चांगले आहेत" म्हणून विषय संपवायचो. आज नीट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक मॅकफेल साहेब, एक क्रॉफर्ड साहेब. दोघेही पासष्टीच्या आसपासचे, दोघेही शुऐबाच्या एका केमिकल कारखान्यात इंजिनिअर. एकाची बायको सोडून गेली, दुसऱ्याची वारली, म्हणून दोघांनी मिळून हे घर भाड्याने घेतलं. मी दोघांचा ड्रायव्हर, आणि घरातलं किरकोळ सगळं. दोघे स्कॉटलंडचे. आपण सगळ्यांनाच इंग्रज म्हणतो, पण स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचं उत्तरेचं टोक. तीनशे अठरा वर्षांपूर्वी ते इंग्लंडशी जोडलं गेलं. दोन हजार चौदा साली तिथे मतदान झालं की वेगळा देश व्हायचं का. शंभरात पंचावन्न लोक नाही म्हणाले, पंचेचाळीस होय म्हणाले. मॅकफेल साहेबांच्या मते वेगळं व्हायला हवं. क्रॉफर्ड साहेबांच्या मते तो वेडेपणा आहे. आणि गंमत अशी की या दोघांनाही तेव्हा मत नव्हतं. जो स्कॉटलंडमधे राहतो त्यालाच मत, असा नियम होता. ग्लासगोत दुकान चालवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला मत होतं, आणि शुऐबात बसलेल्या यांना नव्हतं. क्रॉफर्ड साहेब अजून त्यावर चिडतात. म्हणतात, माझा बाप तिथे पुरलाय आणि मला विचारत नाहीत. मॅकफेल साहेब स्वतः त्यात भरडले गेले तरी म्हणतात की नियम बरोबर होता.

तर त्यांनी आपलं स्वतःचं मतदान सुरू केलं. दरवर्षी अठरा सप्टेंबरला, या घरात, या डब्यात. फ्रिजचं दार उघडायचं, त्याच्या आडोशाला उभं राहून चिठ्ठी लिहायची, दोन घड्या घालून डब्यात टाकायची. मग क्रॉफर्ड साहेब मोजणार आणि झाकणाच्या आत आकडे लिहिणार. गेल्या वर्षापर्यंतच्या दहा ओळी आहेत. नऊ ओळींत एक विरुद्ध एक. फक्त दोन हजार सोळाच्या ओळीत दोन विरुद्ध शून्य. त्या वर्षी सगळा ब्रिटन युरोपातून बाहेर पडला. स्कॉटलंडमधल्या शंभरात बासष्ट लोकांना राहायचं होतं, पण त्यांचं मत कोणी धरलं नाही. त्या रागात क्रॉफर्ड साहेबांनीही होय लिहिलं. पुढच्या वर्षी परत नाही. ते म्हणतात रागातलं मत धरायचं नसतं. मॅकफेल साहेब म्हणतात शाई वाळली आहे, आता पुसता येणार नाही.

रोज सकाळी शुऐबाला जाताना पाऊण तास मी हे ऐकतो. क्रॉफर्ड साहेब पाय लांब करता यावा म्हणून माझ्या शेजारी, मॅकफेल साहेब मागे. बोलणं माझ्या कानावरून जातं. तेलकारखान्यांच्या चिमण्यांवरच्या ज्वाला दिसायला लागल्या की तेलावर येतात. मॅकफेल साहेब म्हणतात, समुद्र आमचा, तेल आमचं, आणि पैसा लंडनला गेला. शेजारच्या नॉर्वेने तेवढ्याच तेलावर नातवंडांची सोय करून ठेवली. क्रॉफर्ड साहेब म्हणतात, ते तेल आता संपत आलंय, तू रिकाम्या पिंपावर झेंडा लावायला निघालास. मग पैसा कुठला वापरणार? त्यांचाच पौंड वापरला तर व्याजाचा दर तेच ठरवणार, मग वेगळे कसले झालात? स्वतःचा छापला तर माझ्या पेन्शनचं काय? माल निम्म्याहून जास्त इंग्लंडलाच जातो, तिथे जकात नाके उभे राहिले तर? आणि आजपर्यंतच्या कर्जातला वाटा कोण घेणार? मॅकफेल साहेबांच्या पाकिटात स्कॉटलंडच्या बँकेची एक नोट आहे. लंडनच्या दुकानदाराने ती घेतली नव्हती, संशयाने उजेडात धरून बघितली होती. ते ती नोट मागच्या सीटवरून पुढे नाचवतात आणि म्हणतात, हा बघ तुझा संसार, तीनशे वर्षं झाली तरी शेजारी आमची नोट ओळखत नाही. एकदा मी हसलो तर क्रॉफर्ड साहेब म्हणाले, "अरबाज, तू रस्त्याकडे बघ, हा माणूस मतांसाठी ड्रायव्हरलाही फितवेल."

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी खरंच मला धरलं. क्रॉफर्ड साहेबांचा गुडघा बदलला, इथे राहण्याचा परवाना, इक़ामा, डिसेंबरमधे संपतोय आणि ते मुलीकडे जाऊन राहणार आहेत. मुलगी लीड्सला असते, म्हणजे इंग्लंडात. तेव्हा हे शेवटचं मतदान. दोघांनी ठरवलं की यंदा निकाल लागलाच पाहिजे, आणि तिसरं मत अरबाजचं. मी नको म्हणालो. मॅकफेल साहेब म्हणाले, तू चार वर्षं दोन्ही बाजू ऐकल्यास, तेवढं ऐकून मत देणारा माणूस अख्ख्या स्कॉटलंडात सापडणार नाही.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. त्यांची ती थट्टा होती, आणि मी बकाल्यातून, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर होय, उजव्या पानावर नाही. रोज गाडी उभी केली की त्यांचं बोलणं आठवून त्या त्या बाजूला लिहायचं. तारखेसह. तुझा कागद कप्प्यात आणि ही वही त्याच्यावर. तीन आठवड्यांत डावीकडे एकतीस मुद्दे झाले, उजवीकडे चौतीस. क्रॉफर्ड साहेबांचे व्यायाम करून घ्यायला जाब्रियाच्या दवाखान्यातून प्रणिता सिस्टर येतात, साताऱ्याकडच्या आहेत. त्यांनी एकदा वही बघितली. म्हणाल्या, "अरे अरबाज, अक्षर सुरेख आहे तुझं. पण उजवीकडे नुसती भीती भरली आहेस आणि डावीकडे नुसता राग. माया कुठे लिहिली आहेस?" मी क्रॉफर्ड साहेबांना विचारलं. ते गुडघा चोळायला लागले. मग म्हणाले, माझी बायको न्यूकॅसलची होती. इंग्लिश. आम्ही रविवारी तिच्या आईकडे जेवायला जायचो, वाटेत कुठे देश बदलला ते मुलीला कधी कळलं नाही. तिच्या कबरीवर जाताना मला पासपोर्ट दाखवावा लागू नये, एवढंच. ते मी उजवीकडे लिहिलं. मॅकफेल साहेबांनाही तेच विचारलं. त्यांची आई बेटावरची होती, घरी वेगळीच भाषा बोलायची, आणि शाळेत त्याच भाषेसाठी तिला हातावर पट्टा बसायचा. म्हातारपणी ती इंग्रजी विसरली, आणि मॅकफेल साहेबांना तिची भाषा येत नव्हती. ते डावीकडे लिहिलं. त्यानंतर दोन्ही पानं सारखी जड वाटायला लागली.

मधेच तुला नऊ ऑगस्टचा फोन आठवत असेल. मी एका दमात सगळं सांगितलं. वरच्या मजल्यावर तुझं वेगळं स्वयंपाकघर बांधतो, गॅस तुझ्या नावाने घेतो, दापोलीच्या लॅबमधली नोकरी चालू ठेव, शनिवार रविवार बाणकोटच्या घरी ये. तू मधे एकदाही अडवलं नाहीस. शेवटी म्हणालीस की तुम्ही चांगल्या मनाने म्हणताय, पण इथे दापोलीच्या या खोलीत मला झोप लागते. दोन आठवड्यांनी गाडीत विषय निघाला की दोन हजार चौदाच्या मतदानाला दोन दिवस राहिले असताना लंडनच्या मोठ्या पुढाऱ्यांनी सह्या करून वचन दिलं होतं, राहा, तुम्हाला जास्त अधिकार देतो. क्रॉफर्ड साहेब म्हणाले, दिलेही बरेचसे. मॅकफेल साहेब म्हणाले, दिले असतील, पण देता येत होते तर तीनशे वर्षं कुठे होते? मी सिग्नलला उभा होतो. हिरवा झाला तरी उभाच होतो. मागच्याने हॉर्न वाजवला.

अम्मीचा फोन दर जुम्म्याला येतो. तिचं एकच म्हणणं आहे. सही करू नकोस. तू सही नाही केलीस तर ती जाणार कुठे, दमेल आणि येईल. थोरला भाऊही तेच म्हणतो, नुसतं गप्प राहा, काही करायची गरज नाही. आणि मी गप्पच होतो, रुकय्या. मला ते जमतं. तुझा राग आला नाही, रडूही आलं नाही. गाडी धुतली, इस्त्री केली, वही लिहिली. रात्री जेवलो का ते सकाळी भांडी बघून कळायचं.

मग याच महिन्याच्या आठ तारखेला मॅकफेल साहेबांनी कोर्टाची गोष्ट काढली. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्कॉटलंडला असं मतदान पुन्हा घ्यायचं असेल तर लंडनची परवानगी लागेल. मॅकफेल साहेब सहसा आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढला. म्हणाले, "ज्याच्यापासून निघायचं त्याचीच सही लागते! आणि त्याला काही करावंही लागत नाही. नुसतं बसून राहिलं की झालं." क्रॉफर्ड साहेब म्हणाले, दोघांनी मिळून केलेला करार एकट्याला कसा मोडता येईल, त्यालाही काही किंमत आहे की नाही. ते म्हणणं मला पटतं. अजूनही पटतं. मी दोन्ही म्हणणी लिहून घेतली. पण वही ठेवायला कप्पा उघडला तेव्हा तुझं पाकीट वर आलं होतं, आणि मला वही त्याच्यावर ठेवता येईना. ती सीटखाली ठेवली.

काल संध्याकाळी सहाला मतदान झालं. प्रणिता सिस्टरना निवडणूक अधिकारी केलं होतं. त्या मला म्हणाल्या, "आज तुझ्या एका मतावर राजाचं राज्य अडलंय बरं का." क्रॉफर्ड साहेब काठी टेकत फ्रिजच्या दाराआड गेले, एका मिनिटात आले. मॅकफेल साहेब गेले, त्याहून लवकर आले. मग मी. दार उघडलं, चिठ्ठी फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर ठेवली, पेन काढलं. गार हवा तोंडावर आली. आणि मला आपला फ्रिज आठवला.

दोन हजार बावीसच्या रमजानआधी मी पैसे पाठवले होते. फ्रिज कुठे ठेवायचा यावर तुमचं घरी बोलणं झालं, आणि नेहमीसारखं ठरलं की अरबाजला विचारा. तू म्हणत होतीस स्वयंपाकघरात ठेवू, अम्मी म्हणत होती तिच्या खोलीत. मी इथे गाडी पुसत होतो. फोन खांद्याला धरून मी म्हणालो, अम्मीच्या खोलीत ठेवा, ती मोठी आहे. अर्धं मिनिट लागलं असेल. त्या दिवसापासून सहेरीचं दूध काढायलाही तुला तिचं दार वाजवावं लागलं. तू हे मला दोन वर्षांनी सांगितलंस, तेही एकदाच, आणि तक्रार म्हणून नाही. दुधाचा भाव विचारला होता मी, त्यात आलं. तुझा कॉम्प्युटरचा कोर्स, तुझं माहेरी जाणं, वरच्या खिडकीला जाळी बसवायची की नाही, सगळं मी इथून ठरवलं. चार वर्षांत त्या घरात मी चाळीस दिवस राहिलो आहे.

मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. फ्रिज वाजायला लागला, दार उघडं राहिलं की तो वाजतो. मॅकफेल साहेब बाहेरून ओरडले, "अरे, एवढ्यात स्कॉटलंड तीनदा वेगळं होऊन परत आलं असतं!" मी लिहिलं, दोन घड्या घातल्या, डब्यात टाकलं. सिस्टरनी चिठ्ठ्या उघडल्या. एक होय. एक नाही. तिसरी त्यांनी आधी मनात वाचली, माझ्याकडे बघितलं आणि मग मोठ्याने वाचली. मी तिथे राहत नाही. एवढंच लिहिलं होतं.

मला वाटलं रागावतील. क्रॉफर्ड साहेब हसायला लागले, मग थांबले. म्हणाले, आम्ही तरी कुठे राहतो. मॅकफेल साहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. झाकणावर काय लिहायचं यावर वाद होईल असं वाटलं होतं, पण क्रॉफर्ड साहेबांनी फक्त वर्ष लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवून पेन बंद केलं. चहा मॅकफेल साहेबांनी केला. चार वर्षांत पहिल्यांदा. साखर कुठे असते ते मला विचारावं लागलं. मी कप धुतले, सिस्टरना जाब्रियाला सोडून आलो. वाटेत त्यांनी विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना रे?" मी हो म्हणालो.

रुकय्या, आज सकाळी साडेसहाला मी गाडीत बसून तू मागितलेल्या खुल्याच्या, म्हणजे निकाह सोडण्याच्या, कागदावर सही केली. ज्या तीन ठिकाणी काझींनी पेन्सिलने खूण केली आहे तिथे, आणि तारीख. नमाजनंतर गफूरभाई आणि त्यांचा भाऊ साक्षीदार म्हणून सह्या करतील आणि उद्या कागद कुरिअरने तुझ्या दापोलीच्या पत्त्यावर येईल, बाणकोटला नाही. अम्मीला मी आज सांगणार आहे. तुला कोणी काही विचारलं तर माझं नाव पुढे कर. सही मी रागात केलेली नाही, आणि तू मागितलंस तेही रागात नव्हतं हे मला आता कळलं आहे, कारण राग एवढा वेळ टिकत नाही. तुझ्याशिवाय राहायला मला चालेल असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, ते तसं वाचू नकोस. उजवीकडचं पान माझंही भरलेलं आहे. पण त्या घरात राहत होतीस तू, म्हणून मत तुझं. कागदात एक ओळ आहे की तू मेहर सोडतेस. ती मला खोडायची होती. खोडली नाही, कारण तेही मी इथून ठरवलं असं झालं असतं. हिशेब खाली लिहून देतो. घ्यायचं की सोडायचं ते तू ठरव. पत्राच्या शेवटी नेहमीचा शब्द लिहावा की नाही यावर मी थोडा थांबलो. कागद पोचेपर्यंत तो खरा आहे, म्हणून लिहितो.

कागद पोचेपर्यंत तुझाच,
अरबाज

अकरा वाजून पंचवीस मिनिटे.

मेहर ठरला: रु. ५१,०००. निकाहाच्या दिवशी दिला: रु. ११,०००. द्यायचा राहिला: रु. ४०,०००.
माझ्या व्हिसासाठी २०२१ मधे मोडलेलं तुझं सोनं: साखळी एक, बांगड्या चार, मिळून चार तोळे. तेव्हा आले रु. १,९०,०००. देणे: चार तोळे, वजनाने, देण्याच्या दिवसाच्या भावाने.
फ्रिज: रु. २३,५००. दिलेले आहेत. तो तुझा आहे, थोरल्याला टेम्पो करून दापोलीला पोचवायला सांगितलं आहे. टेम्पोचे रु. ३,००० पाठवले.
कुरिअर: ७ दिनार. वही: २५० फिल्स.
तुझ्याकडून येणे: काही नाही.